नाव झाल्यावर

भर दुपार. उप्पी झोपलेली, गल्ली झोपलेली, समोरची पिठाची गिरणीसुद्धा लाइट गेल्यामुळे गप्प. अशा त्या गप्प घरात मांडणीवरची स्टीलची वाटी घसरली आणि शहाबादी फरशीवर पडून फिरायला लागली. आधी सावकाश, ऐसपैस, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर कलंडत. मग जसजशी खाली बसायला लागली तसतशी तिची घाई वाढली, आणि शेवटी बारीक किंचाळून ती एकदम थांबली.

दुसऱ्या कुठल्याही आईनं झेप घालून वाटीवर हात ठेवला असता. लेकरू आत्ताच कुठं निजलंय हे विशाखालाही कळत होतं. पण ती मान तिरपी करून ऐकतच राहिली. जोर संपत आलेली वस्तू शेवटी शेवटी एवढ्या घाईनं का फिरते? हे मांडायचं झालं तर कुठून सुरुवात करायची? तोवर उप्पी उठून बसली होती, डोळे चोळत रडत होती, आणि चोरून मिळवलेला तास गेला तो गेलाच.

"उगी, उगी माझी चिमणी. वाटी पडली. तिला झोप आली होती ना, म्हणून आडवी झाली."

"मग वरडली का?"

"झोपायचं नव्हतं म्हणून."

उप्पीला हे पटलं. पाचव्या वर्षी असलं सगळं पटतं.

विशाखा परभणीच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. सकाळी कॉलेज, दुपारी घर, आणि मधे जो काय तासभर हाताला लागेल त्यात पिठाच्या डब्यावर कागद ठेवून तिचं खरं काम चालायचं. ते काम म्हणजे पाणी. वाहत्या पाण्यावरून लाट कशी चालते, किती वेगानं चालते, उंच कधी होते, मोडते कधी, हे समीकरणात धरून ठेवायचं. शेजारच्या नर्मदाबाईंना एकदा तिनं हे मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं होतं.

"पाण्याचं गणित?" नर्मदाबाई म्हणाल्या. "मंजी नळाच्या बिलाचं का?"

"नाही हो मावशी. लाटांचं."

"अगं बया. समुद्र तरी बघितलास का कधी?"

नव्हता बघितला. लाटांवर पीएच.डी. करणाऱ्या विशाखाला समुद्र फक्त कॅलेंडरवरचा माहीत होता. तिचा समुद्र म्हणजे पाथरीजवळची कालव्याची एक चारी. मनात आणलं तर गडीमाणूस उडी मारून ओलांडेल, एवढीच रुंद.

त्या चारीवर तिनं पहिली लाट पाहिली ती पंधराव्या वर्षी. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात गावोगाव आगी लागल्या, तेव्हा तिचे वडील, लिंबाजी गुरुजी, बायकोला आणि लेकीला घेऊन आधीच्या गावातून जे निघाले ते पाथरीत येऊन राहिले. मागं काय जळलं, कुणी जाळलं, याबद्दल घरात बोलणं होत नसे. बोलणं व्हायचं ते नावाबद्दल. नाव झालं पाहिजे. एवढं एकच वाक्य, पण जेवायला बसताना, पेपर घडी करताना, कुणाला निरोप देताना गुरुजी ते म्हणायचे.

कालव्याला पाणी आल्यावर एकदा ते लेकीला घेऊन चारीवर फिरायला गेले. पाटकरी आश्रुबाच्या मिशा त्या वेळी काळ्याभोर होत्या. त्यानं साखळी सोडली, लोखंडी दार खाचेतून धाडकन खाली आलं, आणि वाहतं पाणी दाराला थडकून फुगलं. मग तो फुगवटा उलट निघाला. येणाऱ्या पाण्याच्या अंगावरून, चढाकडे, सरळ वर.

"दादा! पाणी मागं निघालं!"

गुरुजी चौथीपर्यंतचे वर्ग शिकवायचे. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी न्हाई गं माय. पाणी तर हितंच हाय. दुसरंच काहीतरी मागं निघालंय."

ते दुसरं काय, हे त्यांना सांगता आलं नाही. त्या न सांगता आलेल्या गोष्टीच्या मागं मागं विशाखा बी.एस्सी. झाली, औरंगाबादला जाऊन एम.एस्सी. झाली, माणिकशी लग्न करून परभणीत आली, नोकरीला लागली, आणि उप्पी पोटात असताना तिनं पीएच.डी.ला नाव घातलं.

प्रबंधाची तीन प्रकरणं सरळ उतरली. चौथ्यात गाडं रुतलं. झालं असं, की दार पडल्यावर मागं निघणाऱ्या मोठ्या फुगवट्याच्या पाठोपाठ लहान लहान लाटांची एक रांग निघते, कोंबडीमागं पिलं निघावीत तशी. विशाखाच्या कागदावर ही पिलं फार लवकर मरायची. चारीत मात्र ती मजेत दूरपर्यंत जायची. चूक कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं हिशेबात चारीच्या भिंती उभ्या धरल्या होत्या, आणि खऱ्या चारीचे काठ तिरपे असतात. काठाला पाणी उथळ, तिथं लाट रेंगाळते. पण काठ तिरपे करायचे म्हणजे पहिल्या ओळीपासून सगळं नव्यानं. एकीकडे कॉलेज, एकीकडे लेकरू, आणि समीकरण असं की एका जागी दाबावं तर दुसरीकडून वर यावं. नव्वद साली तर ती दीड वर्षाच्या उप्पीला कडेवर घेऊन माहेरी गेली आणि दोन दिवस नुसती पडून राहिली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम झाला. स्टेजवरून गुरुजींना कुणीतरी विचारलं, "गुरुजी, ताईची डॉक्टरकी कवा?" आणि गुरुजींनी माइक हातात घेतला.

"माझी लेक डॉक्टर व्हईल तर ह्याच विद्यापीठाची व्हईल. पण नाव झाल्यावर! तवर न्हाई!"

मंडप टाळ्यांनी दणाणून गेला. म्हाताऱ्या बायांनी मागं बसलेल्या विशाखाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पुढच्या वर्षी तर वस्तीनं तिचा सत्कारच केला. शाल, फुलांचा गुच्छ, भाषणं. आजवर लोकांचे सत्कार घेतलेल्या पदवीबद्दल झाले असतील. विशाखाचा न घेतलेल्या पदवीबद्दल झाला. खांद्यावर शाल, कडेवर उप्पी, आणि घरी चौथं प्रकरण अर्धवट. नाकारावं असं तिच्या हातात काही नव्हतंच. तिनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती ही नम्र पोरगी.

तिचे मार्गदर्शक सर औरंगाबादहून समजावत. "अहो बाई, प्रबंध टाकल्यावर पदवी हातात पडायला वर्ष जातं. तोवर नाव काय व्हायचं ते होईल. तुम्ही टाका तर."

हे तिनं गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "पदवीचं सोड. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात काय छापशील? ते पुठ्ठं लायब्ररीत माझ्या नातवाच्या नातवापतुर राहील."

हेच तिनं सरांना कळवलं. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं होतं.

तर अशा सगळ्यात त्र्याण्णवचा डिसेंबर उजाडला. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. तिथं काचेच्या भिंतींचा लांबच लांब हौद होता, बटण दाबलं की हवी तशी लाट निघायची. राहायला एकटीपुरती खोली. लेकरू आणायची सोय नाही. अट एकच: डिसेंबर संपायच्या आत प्रबंध विद्यापीठात पडला पाहिजे. नाही तर जागा दुसऱ्याला.

आणि नेमकं तेव्हाच चौथं प्रकरण सुटलं. मोठा उजेड वगैरे पडला नाही. तीन वर्षं ढकलत ढकलत आणलेलं समीकरण एका दुपारी आपसूक बसलं, एवढंच. काठ तिरपे झाले, पिलं कागदावरही जगायला लागली. विशाखानं कागद उलटा करून पुन्हा सुलटा केला, पुन्हा तपासला. बरोबर होतं. मग तिनं ते कागद पिठाच्या डब्याखाली सारले आणि कुणाला काही न सांगता कुकर लावला.

सांगितलं का नाही, हे तिचं तिलाच कळेना. आठ दिवस झाले तरी कळेना.

अशाच एका संध्याकाळी माणिक डेपोतून आला. तो एसटीत क्लार्क. दोघं ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसले. उप्पी दाण्यांचे डोळे करून फरशीवर एक बाई बनवत होती.

"बंगळूरला कसं जायचं हो?" विशाखानं विचारलं.

"आधी सोलापूर. तिथून रेल्वेच बरी. एसटीनं जाशील तर हाडं खिळखिळी व्हतील."

"मी गाडीचं नाही विचारत."

"मग?"

"जाऊ का?"

"मी नको म्हणलो का? आई येईल पालमहून. उप्पीची वेणी घालील, शाळेत नेऊन सोडील. येता येता दोन गोष्टी मला बी शिकवील." तो हसला, मग शेंग सोलता सोलता थांबला. "पण गुरुजींचं काय? ते तर नाव झाल्यावर म्हणतेत. साऱ्या परभणीला ठावं हाय. त्यांना कोण सांगणार?"

"आणि चौथं प्रकरणही अजून..." विशाखानं वाक्य अर्ध्यावरच सोडलं. कारण अजून काही राहिलं नव्हतं.

"हायच का ते अजून?" माणिक म्हणाला. "अगं, तेवढ्यात आमच्या डेपोत दोन मॅनेजर रिटायर झाले."

"एकदा चारीवर बघून यायचंय. मग झालंच."

हे ती बोलून गेली आणि मग तेच तिला खरं वाटायला लागलं. हो, एकदा बघितलंच पाहिजे.

बाकीचा प्रबंध टायपिंगला दिलेला होता. स्टेशन रोडवरच्या भुजंग टायपिस्टनं सगळी पानं करून ठेवली होती, एक सोडून.

"ताई, पयल्या पानावर विद्यापीठाचं कोणतं नाव टाकू?" तो म्हणाला. "काही जण जुनंच टाकून नेतेत. काही म्हणतेत थांब, हे सरकार करतंय. तुमचं काय?"

"जागा सोडा."

"किती दिवस सोडू? ह्या महिन्यात लय काम हाय."

"सांगते."

येताना रिक्षात बसून तिनं स्वतःला विचारलं: मी कशासाठी थांबलेय? दादांच्या शब्दासाठी? पण तो शब्द तर मी मागितला नव्हता. गणितासाठी? ते झालं. उप्पीसाठी? मग तसं सरळ म्हणत का नाही? तीन लाटा एकीत एक मिसळल्या तर त्या वेगळ्या करून दाखवायची रीत तिला येत होती. पहिल्या प्रकरणात तिनं ती सविस्तर दिली होती. इथं मात्र एकीचं टोक धरावं तर हातात दुसरीच येत होती. आणि कधी कधी तिला वाटायचं, यांतली एकही खरी नाही. आपण नुसत्या घाबरलोय. पण कशाला, ते तिला सापडत नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती उप्पीला घेऊन पाथरीला गेली. गुरुजी स्टँडवर आलेच होते. पांढरा सदरा, धोतर, आणि गळ्यात विशाखाच्या कॉलेजातून खेळाच्या सरांकडून आणलेलं स्टॉपवॉच. ते गुरुजींकडेच असायचं. मोजमापाच्या कामात वेळेचं खातं त्यांचं, आणि ते खातं त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

चारीवर आश्रुबा वाट बघत होता. आता त्याच्याही मिशा पांढऱ्या झालेल्या.

"जयभीम गुरुजी. आज बी लाटच का?"

"आज शेवटची."

"मागल्या खेपंला बी शेवटचीच व्हती."

"तवा शेवटच्या आधीची व्हती. तू दार पाड, तोंड नको चालवू."

"पाडतो की. पर लवकर आवरा. खालचे लोक वरडतेत. म्हणतेत, गुरुजीची पोरगी लाटा मोजती अन् आमचा गहू माना टाकतो." आश्रुबा उप्पीकडे वळला. "काय गं बारके, तू काय मोजणार?"

"मी आली म्हणणार," उप्पी म्हणाली.

तिचं काम खरंच तेवढं होतं. पाण्यात ठिकठिकाणी लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेले बांबू रोवलेले होते. वरच्या बांबूला रिबीन बांधलेली. लाट रिबिनीच्या बांबूला लागली की उप्पीनं ओरडायचं, गुरुजींनी घड्याळ दाबायचं, विशाखानं पट्टी वाचायची.

दार पडलं. पाणी थडकलं, फुगलं आणि तो फुगवटा वर निघाला. चारीतून गव्हाच्या काडीचा एक तुकडा खाली वाहत येत होता. फुगवटा त्याच्या अंगाखालून गेला, काडी वर उचलली गेली, आणि जिथं होती तिथंच उभी राहिली. खाली जाईना, वर जाईना. मग मागून पिलं आली. एक, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. काठाला त्यांची टोकं मागं रेलायची, मधला भाग पुढं. प्रत्येक लाट थोडी वाकलेली. कागदावर होती तश्शी.

"आली! आली! आई, आली!"

विशाखानं पट्टीवरचे आकडे वाचले. पिशवीतला कागद काढला. फरक होता, पण एवढासा, की कुणी त्याला फरक म्हटलं नसतं.

"बसलं?" गुरुजींनी पलीकडच्या काठावरून विचारलं.

"बसलं, दादा."

तिला वाटलं होतं या क्षणी काहीतरी होईल. छातीत काहीतरी मोकळं होईल, रडू येईल. काहीच झालं नाही. काडी पाण्यावर उभी होती, उप्पी एका पायावर उड्या मारत होती, आणि विशाखा कागदाची घडी घालत होती.

आश्रुबानं एवढ्यात दार उचलू नये, म्हणून गुरुजींनी त्याला तंबाखू देऊन बसवलं. मग बाप-लेक बाभळीखाली भाकरी सोडून बसले. उप्पी पाण्यात खडे टाकायला गेली, आश्रुबा तिच्यावर नजर ठेवून होता.

भाकरी मोडता मोडता विशाखा म्हणाली, "दादा, गणित आज नाही बसलं. आठ दिवसांमागंच बसलं होतं."

"मग आज कशाला आलीस?"

"तेच कळेना."

गुरुजींनी ठेच्याचं बोट चाटलं. बंगळूरचं त्यांना माणिककडून कळलेलं होतं; जावयाच्या पोटात काही राहत नसे. ते म्हणाले, "टाक मग पुस्तक. महिना सरायला आला."

"आणि नाव?"

गुरुजींनी घास ताटलीत परत ठेवला. 

"एक सांगू का? रागावू नको. ते नाव झाल्यावर म्हणलो ना मी, ते नावासाठी न्हाई म्हणलो."

विशाखानं भाकरी खाली ठेवली.

"त्या साली तू घरी आली व्हतीस. उप्पी कडंवर. दोन दिस धड जेवली न्हाईस. ते चौथं का कितवं बसंना म्हणून. अन् जयंतीला त्या पोरानं माइकवर इचारलं, गुरुजी, ताईची डॉक्टरकी कवा? तसं चांगल्या मनानंच इचारलं त्यानं. पर समोर येवढी माणसं. मला वाटलं, आता जर म्हणलो की अडलंय, तर उद्या सारं गाव म्हणंल, यांच्या पोरीला जमलं न्हाई. यांच्या. कळतंय ना मी काय म्हणायलो ते?"

"कळतंय."

"तोंडातून निघून गेलं. नाव झाल्यावर."

"म्हणजे..." विशाखा म्हणाली. "म्हणजे ते खरं नव्हतं?"

"तवा नव्हतं."

"आणि आता?"

"तीच तर गंमत हाय ना." गुरुजी हसले, पण ते हसू नीट लागलं नाही. "लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर झोपच येईना. आपलं आधीचं गाव डोळ्यांपुढं आलं. तुझी आई चुलीवरचं तसंच टाकून निघाली व्हती, ते आठवलं. पंधरा दिसांनी बघतो तर मी खरंच धरून बसलेलो. आता कुणी म्हणलं, जुन्या नावाचं पुस्तक टाका, तर हितं तुटतंय बघ." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "मग ते खोटं म्हणू तर कसं म्हणू? अन् खरं म्हणू तर सुरुवातच खोटी."

विशाखाला हसावं की रडावं कळेना. साडेतीन वर्षं ती या माणसाच्या शब्दाआड उभी होती, आणि हा माणूस तो शब्द तिला झाकायला धरून होता.

"दादा, लोक म्हणतात मी तुमच्यासाठी थांबले. मी थांबले नव्हते. माझं होतच नव्हतं."

"ठावं हाय की."

"सत्कार घेतला मी. शाल आहे घरात अजून."

"थंडीत पांघर. चांगली लोकर हाय."

आता मात्र तिला हसू फुटलं. गुरुजीही हसले. हसता हसता दोघांचंही एकदम थांबलं, कारण पुढचं दोघांनाही दिसत होतं.

"पण दादा, आता तर झालंय. आठ दिवस झाले. तरी मी थांबलेय. तुमचं नाव पुढं करून थांबलेय, उप्पीचं नाव पुढं करून थांबलेय. मग मला सांगा, मी काय करू? भुजंगला काय सांगू?"

"मला नको इचारू माय."

"मग कुणाला विचारू?"

"एकदा मी तुझ्या वतीनं बोललो. त्याला किती वर्षं झाली बघ." गुरुजींनी ताटलीतली भाकरी फडक्यात बांधली. "जुनं नाव टाकलंस तरी मी त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवीन. तुटलं तर तुटलं, माझं मी बघीन. अन् थांबलीस तरी मी लोकांना काहीतरी सांगीन. मला सांगायची सवय झालीय. पर माझ्यासाठी थांबले असं म्हणू नको. अन् माझ्यासाठी टाकलं असं बी म्हणू नको. दोन्ही मला झेपायचं न्हाई आता."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. चारीपाशी जाऊन आश्रुबाला म्हणाले, "चल, उचल दार. लोकांचा गहू वाळवतोस का?"

"अस्सं!" आश्रुबा म्हणाला. "आता माझ्याच अंगावर."

दोघा म्हाताऱ्यांनी साखळी ओढली. दार खडखडत वर आलं आणि तुंबलेलं पाणी खालून सुटलं. विशाखा बाभळीखाली बसून होती. ती सुटलेल्या पाण्याकडे बघत होती आणि सवयीनं तिच्या डोक्यात त्याचंही गणित सुरू झालं होतं: दार उचलल्यावर वरच्या बाजूला पाणी उतरत जातं, तो उतारही लाटेसारखाच मागं मागं सरकतो, फक्त त्याला टोक नसतं. हे तिला बरं वाटत होतं. हे चालू आहे तोवर दुसरं काही ठरवायला लागणार नाही, असं वाटत होतं. मग तिला स्वतःचाच राग आला. हेच का ते? एवढ्यासाठीच का मी सगळं करत आले, ठरवायला लागू नये म्हणून? की हेच खरं माझं, आणि बाकी सगळं त्याच्या आड येणारं?

उप्पी ओल्या फ्रॉकनं येऊन तिच्या मांडीत बसली. तिचे हात गार पडले होते. विशाखानं ते आपल्या पदरात धरले.

"आई, लाट कुठं गेली?"

"वर गेली. जाता जाता दमली, बारीक झाली, आणि मग पाण्यासारखीच झाली."

"मेली?"

"मेली नाही. तिच्यातलं जे होतं ते पाण्यात पसरलं."

"बंगळूरला मोठी लाट असते?"

विशाखा दचकली. "तुला कोणी सांगितलं बंगळूरचं?"

"पप्पांनी. पालमची आजी येणार हाय. पप्पा म्हणले, मी रडले न्हाई तर रोज चिक्की देणार." उप्पीनं जरा विचार केला. "मी एक दिवस रडणार. मग न्हाई."

"एकच दिवस?"

"दोन."

विशाखानं तिच्या केसांवर हनुवटी टेकली. केसांना चारीच्या गाळाचा, उन्हाचा वास येत होता. तिकडे आश्रुबा आणि गुरुजी कशावरून तरी भांडत होते, आणि दोघंही मजेत होते.

"आजोबा नको म्हणतेत का?" उप्पीनं विचारलं.

"नाही. ते म्हणतात, तू म्हणशील तसं."

"अन् पप्पा?"

"तेही तसंच म्हणतात."

उप्पी मांडीतल्या मांडीत वळली. आईचं तोंड नीट दिसावं म्हणून तिनं दोन्ही गार हात आईच्या गालांना लावले.

"आई, तुला जायचंय का?"